ठिपका बाहेर, बाई आत

मुलुंडच्या खाडीत रेंज येत नाही, हे अंधेरीतल्या साहेबांना पटवता पटवता आमच्या नाकी नऊ आले होते. साहेब म्हणायचे, "मुंबईत रेंज नाही? काय सांगता मॅडम!" एसी केबिनमध्ये बसलं की मुंबई सगळी सारखीच दिसते. पण मुलुंड पूर्वेच्या शेवटच्या बिल्डिंगा मागे टाकून, मिठागराच्या कडेने बांध उतरून तिवरांत शिरलं, की फोनवरच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात आणि मग हातात उरतं ते नुसतं घड्याळ. पाठीमागे हायवेवरच्या गाड्या ऐकू येतात, समोर टॉवर दिसतो, आणि तरी एक हॅलो म्हणायची सोय नाही.

आमचं काम चिखलाचं. एका कंपनीने खाडीतला चिखल तपासायचं कंत्राट घेतलं होतं. ओहोटीला आत जायचं, ठरलेल्या जागी नळी खुपसायची, चिखल बाटलीत भरायचा, बूच लावायचं आणि भरतीच्या आधी बाहेर यायचं. आम्ही पाच बायका. प्रत्येकीची स्वतःची ओळ, म्हणजे बांधापासून थेट खाडीच्या पाण्यापर्यंत काठ्या रोवून आखलेला पट्टा. ऐकायला एकदम सोपं. घोटाभर चिखल समजून पाय टाकावा आणि मांडीपर्यंत आत जावं, ही रोजची मजा. मी मालवणकडची, वडील मिलमध्ये होते म्हणून आम्ही इथे आलो. समुद्राकाठची माणसं आम्ही, पाण्याला कोण घाबरतं, असा माझा तोरा होता. तो पहिल्याच आठवड्यात उतरला.

कंपनीचं एक अ‍ॅप होतं. हजेरी त्यावर, कोण कुठे आहे ते त्यावर. शिवाय मधून मधून ते अ‍ॅप टिंग करायचं आणि विचारायचं, "तुम्ही सुरक्षित आहात का?" खाली मोठं बटण, "हो". ते दाबायचं. नाही दाबलं तर ऑफिसातून फोन, फोन लागला नाही तर त्या दिवसाची हजेरी गुल. आता रेंजच नाही तर दाबलेलं बटण पोचणार कुठे? मग आम्ही काय करायचो, सगळ्या जणी नळ्या, बाटल्या तिथेच टाकून चिखलातून धडपडत बांधाकडे पळायचो, फोन हवेत धरायचो, आणि आम्ही सुरक्षित आहोत असं कळवायचो. या पळापळीत मी एकदा अशी सपशेल आपटले की दातांत चिखल आला. सुरक्षित आहे हे सांगायला जाताना!

शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून साहेबांना फोनवरच ऐकवलं. मी तर म्हटलं, "साहेब, तुम्ही एकदा येऊन बघा, मग बोला." आणि काय आश्चर्य, साहेब आले. पायात पॉलिश केलेले बूट, बगलेत एक खोका. जेवणाच्या डब्याएवढा तो खोका, डोक्यावर दोन अँटेना, पोटात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं. जिची रेंज मिळेल ती पकडणार आणि आम्हा सगळ्यांच्या फोनांना इंटरनेट देणार. तिवरांच्या पहिल्या रांगेत एका जुन्या मोरीचा सिमेंटचा ओटा होता. त्यावर खोका ठेवला, हिरवा दिवा लागला, आणि आमच्या फोनांवर दांड्या भरल्या. शपथ सांगते, आम्ही लहान पोरींसारख्या किंचाळलो. एकीने तिथल्या तिथे गावच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून चिखल दाखवला. साहेब खूश. म्हणाले, "आता आत कुणाला काही झालं तर मला अंधेरीत बसून दिसेल."

आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला. दसऱ्याला आम्ही नळ्यांबरोबर त्या खोक्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली.

पण खोक्याची रेंज ओट्याच्या आसपास, फार तर चार झाडं पलीकडे. पुढे गेलं की परत अंधार. आम्ही सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो. ते अजून बघतायत.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. मावशी आमच्यात सगळ्यांत मोठ्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या. गुडघे पार गेलेले. चिखलातून पाय उपसणं त्यांच्याच्याने होत नव्हतं. घरी लकव्याने अंथरुणाला खिळलेला नवरा, मूलबाळ नाही, घर चालायचं ते या एका नोकरीवर. आम्ही ऑफिसला पत्ता लागू दिला नाही. मावशी खोका घेऊन ओट्यावर बसणार, आणि त्यांच्या ओळीतल्या बाटल्या आम्ही चौघी पाळीपाळीने भरणार, असं आमचं आमच्यात ठरलं. आणि मावशी ओट्यावर बसणारच आहेत, तर फोन तरी आत कशाला न्यायचे? एकीचा फोन आधीच चिखलात गेला होता, हात घालघालून शोधला, नाही सापडला. आत रेंज नाहीच. मग आम्ही सगळ्या जणी सकाळी आत शिरतानाच आपापले फोन मावशींच्या पिशवीत टाकायला लागलो. टिंग झालं की मावशी पिशवीतून एकेक फोन काढायच्या आणि प्रत्येकीच्या नावाने "हो" दाबायच्या. मी सुरक्षित, ही सुरक्षित, ती सुरक्षित. मावशी कधी चुकल्या नाहीत. आम्ही त्यांना चिडवायचो, "मावशी, तुम्ही आहात म्हणून आम्ही जिवंत आहोत हो!"

मावशींजवळ एक टॅबही असायचा, खोक्याबरोबर आलेला. त्यावर खाडीचा नकाशा आणि आमचे पाच ठिपके. आत असलं की पिवळा, बाहेर रस्त्यावर आलं की हिरवा. मोरीचा ओटा ऑफिसच्या हिशेबी आतच मोडत होता, त्यामुळे दिवसभर पाचही ठिपके पिवळे. भरतीची वेळ झाली की टॅबवर भोंगा वाजायचा, तो आत ओळींपर्यंत ऐकू यायचा आणि आम्ही निघायचो. मावशी पिशवी उचलायच्या, खोका उचलायच्या आणि हळूहळू चालत रस्त्यावर यायच्या. पाचही ठिपके एकदम हिरवे. साहेबांना त्याचं केवढं कौतुक! बाकीच्या टीमला म्हणे ते आमचं उदाहरण द्यायचे. "मुलुंडच्या बायका बघा, भोंगा झाला की सगळ्या एकदम बाहेर. ह्याला म्हणतात शिस्त."

आम्ही हसून हसून लोळायचो.

आणि माझी मैत्रीण. ती तिथल्याच कोळीवाड्यातली, आई अजून बाजारात मासळी घेऊन बसते. आमच्यात सगळ्यांत धाडसी, सगळ्यांत मोठ्या तोंडाची. मी चिखलात अडकले की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "अगं ए बिल्डिंगवाले, चिखल आहे तो, गादी नाही!" मग हात द्यायची. मावशींची ओळ करायची पाळी असली की बाकीच्या जरा कुरकुर करायच्या, कारण ती ओळ सगळ्यांत लांब, एकदम खाडीच्या तोंडाशी. ही कधी कुरकुरली नाही. त्या दिवशी पाळी हिची होती.

भोंगा झाला. आम्ही तिघी आपापल्या ओळीतून बाहेर आलो. मावशी आधीच रस्त्यावर, आम्हाला ने-आण करणाऱ्या टेम्पोपाशी पोचल्या होत्या. टेम्पोवाला भाऊ थर्मासमधून चहा ओतत होता. मैत्रीण दिसली नाही. मला वाटलं, पाय धुवायला रस्त्याकडेच्या पंपहाऊसच्या मागच्या नळावर गेली असेल, ती नेहमी जायची. मी चहा घेतला. बिस्कीट खाल्लं. कप संपला तरी ती येईना. नळाकडे जाऊन बघितलं तर नळ बंद, जमीन कोरडी.

मी परत येऊन विचारलं, "मावशी, ती कुठाय?"

मावशींनी मांडीवरच्या टॅबकडे बघितलं आणि एकदम सहज म्हणाल्या, "बाहेर आहे की. ही बघ, हिरवी."

मी टॅबवर वाकले. खरंच हिरवी. टेम्पोपाशी पाच ठिपके दाटीवाटीने, आणि त्यातला एक तिचा. माझ्या अगदी शेजारी. मी चक्क वळून शेजारी बघितलं! तिथे टेम्पोचं चाक होतं.

"अहो मावशी," मी म्हटलं, "तिचा फोन कुठाय?"

"फोन? हा काय." त्यांनी पिशवीतून काढून दाखवला. आणि फोन हातात धरल्यावर, तेव्हा कुठे, त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी बघितलं. "अगो बाई," त्या पुटपुटल्या, "मी तर आत्ताच तिचं दाबलं. हो म्हणून."

समोर उन्हात सगळं जसंच्या तसं होतं, हायवे वाहत होता, भाऊ कप विसळत होता, आणि बांधाच्या पलीकडे तिवरांच्या बुडाशी पाणी चमकायला लागलं होतं. मघाशी तिथे चिखल होता. मी हाका मारल्या. घसा फाटेपर्यंत मारल्या. काही नाही.

मी तिच्याच फोनवरून ऑफिसला लावला, समोर तोच होता म्हणून. साहेबांनीच उचलला. मी म्हटलं, "साहेब, आमची एक बाई आत राहिलीय, भरती चढतेय, फायर ब्रिगेडला कळवा, कुणाला तरी पाठवा."

"एक मिनिट," ते म्हणाले. त्यांच्या बोटांचा टकटक आवाज ऐकू आला. "कोण राहिलंय? मला तर पाचही जणी बाहेर दिसतायत."

"साहेब, दिसतायत, पण नाहीयेत!"

"मॅडम, शांत व्हा. इथे क्लिअर आहे. तुम्ही नीट बघा, तिथेच कुठेतरी असतील."

"आवशीचो घो!" मी ओरडले. साहेबाला. जन्मात पहिल्यांदा. इकडे बाई पाण्यात, आणि हा माणूस मला माझ्या डोळ्यांनी नीट बघायला सांगतोय! आणि धक्का म्हणजे, मी खरंच परत एकदा आजूबाजूला बघितलं. म्हणजे बघा, त्या ठिपक्याने माझ्याही डोक्याचा कसा ताबा घेतला होता.

मग मी फोन ब्लाउजमध्ये कोंबला आणि धावले. बाकीच्या दोघी मागून आल्या, भाऊ टेम्पोतला दोर घेऊन आला. मावशीही यायला निघाल्या होत्या, मी त्यांच्यावर ओरडले, "तुम्ही नको, तुम्हाला कोण ओढणार!" त्या तिथेच खाली बसल्या.

ओट्यापर्यंत पाणी गुडघ्याला. पुढे मांडीला. पाय कुठे टाकतोय ते दिसत नव्हतं. मी मावशींच्या ओळीच्या काठ्या धरत धरत पुढे गेले, काही काठ्यांची नुसती टोकं वर उरली होती. मी तिला हाका मारत होते, शिव्या घालत होते, देवाला नवस बोलत होते, सगळं एका दमात. एकदा मी स्वतःच कमरेपर्यंत रुतले आणि दोघींनी मला मागून धरून उपसलं. आपण तिला काढू की आपणच जाऊ, असं मला त्या क्षणी वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग तिचा आवाज आला. हाक नाही, खोकला. पाणी नाकातोंडात गेल्यावर माणूस खोकतं तसा.

ती दोन तिवरांच्या मधे होती. एका फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळलेली, पाणी गळ्याशी, हनुवटी वर करून धरलेली. एक पाय खाली चिखलाने गिळलेला. तिचे ओठ निळे झाले होते. मला बघून तिने काय म्हणावं? "किती वेळ लावला गं. मला वाटलं, कळलं असेल."

कळलं असेल! तिला वाटत होतं, वरती कुणाला तरी दिसत असेल. ती तिथे लोंबकळत खोक्याच्या भरवशावर होती. एवढी धाडसी बाई, पण स्वतःचा फोन मावशींच्या पिशवीत आहे हे ती त्या भीतीत विसरून गेली होती.

भाऊने दोर तिच्या काखेतून घेतला. ती दातांवर दात आपटत सांगत होती, सरळ ओढू नका, पाय हलवू द्या, पायाच्या कडेने चिखलात पाणी जाऊ द्या. आम्ही ओढायचो, थांबायचो, परत ओढायचो. तिच्या तोंडात पाणी गेलं की मी माझ्या तळव्याने तिची हनुवटी वर उचलायची. केवढा वेळ गेला, देव जाणे. मग एकदम काहीतरी सुटलं, गमबूट खालीच राहिला, आणि ती आमच्या अंगावर येऊन पडली. आम्ही सगळ्या मिळून पाण्यात बुडालो आणि परत वर आलो. कुणीतरी हसायला लागलं. मीच होते बहुतेक. हसता हसता मला रडू फुटलं.

रस्त्यावर आणून तिला टेम्पोच्या फळीवर बसवलं, भाऊने ताडपत्री पांघरली. पायाला सोलवटल्यासारखं झालं होतं, पण पाय हलत होता. मावशी तिच्यासमोर उभ्या राहिल्या, खोका पोटाशी धरून.

एवढ्यात माझ्या ब्लाउजमध्ये फोन वाजला. तिचाच. तो ओला होऊनही चालू होता, मेला. मी स्पीकरवर घेतला.

साहेब चिडले होते. पण ते माझ्यावर चिडले असतील म्हणावं, तर नाही. म्हणाले, "मी सगळं बघितलंय स्क्रीनवर. भोंगा झाला, त्या बाई व्यवस्थित बाहेर आल्या. आणि नंतर, भरती चढलेली असताना, परत आत गेल्या! ठिपका बघितला ना मी, हिरव्याचा पिवळा झाला, थेट खाडीच्या तोंडापर्यंत गेला. हा काय वेडेपणा आहे? कुणाला विचारून गेल्या?"

मला आधी समजेचना. मग लख्खकन समजलं. तो ठिपका माझा होता. म्हणजे तिचा, पण माझ्या छातीशी. आत रेंज नव्हती तरी फोनने सगळी वाट नोंदवून ठेवली होती, आणि रस्त्यावर रेंज मिळताच ती अंधेरीला पोचवली होती. ती बुडत होती तेव्हा ती बाहेर होती, आणि मी तिला वाचवायला धावले तेव्हा ती आत गेली. अंधेरीत बसून त्यांना खरंच सगळं दिसलं होतं, सगळं उलटं. मला वाटलं, आता मी या माणसाला सगळं सांगते. पिशवी, फोन, बटण, मावशींचे गुडघे, सगळं. मग त्याला कळू दे.

मावशींनाही तेच वाटलं असावं. त्यांनी खोका खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "साहेब, चूक माझी..."

मैत्रिणीने हात लांब करून माझ्या हातातला फोन ओढून घेतला. ओढताना तो तिच्या दातांवर आपटला.

"साहेब, मीच बोलतेय," ती म्हणाली. "हो. गेले मी परत आत. नळी राहिली होती. माझीच चूक."

साहेब म्हणाले, "असं असेल तर मला काही करता येणार नाही. सेफ्टीचा नियम आहे. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिच्यावर तुटून पडले. काय बोलले ते मला आठवत नाही, पण मूर्ख, येडी, डोकं फिरलंय का तुझं, असंच सगळं. तू पाण्यात मरत होतीस आणि तूच गुन्हेगार? अगं, त्याला कळू दे ना त्याचा खोका काय लायकीचा आहे ते! ती ऐकत राहिली. ताडपत्रीत अंग चोरून बसली होती. शेवटी तिने मान हलवून मला मावशींकडे बघायला लावलं. मावशी पाठमोऱ्या झाल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"मी आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसेन," ती हळू आवाजात मला म्हणाली. "त्यांना कोण बसवून घेणार?"

खाडीत मला जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा मला तिथे बसला, त्या टेम्पोपाशी, भर दुपारी. मी तिच्या पायावरचा चिखल माझ्या पदराने पुसायला घेतला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.